बैल गाडीला ओढतो, गाडी बैलाला ओढते. मग गाडी हलते कशी?

नीरेकाठचा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, लेक नववीत आहे. विज्ञानाचा पहिलाच धडा गतीचे नियम. काल जेवताना तिने विचारलं, "बाबा, क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्या आणि उलट दिशेने असतात ना? मग बैल गाडीला जेवढ्या जोराने पुढे ओढतो, तेवढ्याच जोराने गाडी त्याला मागे ओढणार. बेरीज शून्य. गाडी जागची हलायलाच नको."

मी सांगून टाकलं की गाडी उभी असते तोवर दोन्ही बलं सारखी असतात, चालायला लागली की बैलाचं थोडं जास्त होतं. ती म्हणाली, "पण नियमात 'चालायला लागली की' असं कुठे आहे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बी.कॉम. झालेला माणूस. आजोळी बैलगाडी होती, साटीत बसून बाजाराला गेलोय, चढावर उतरून मागून ढकललीही आहे. गाडी हलते हे अंगाला माहीत आहे, पण का हलते ते सांगता येत नाही. तिला "परीक्षेत असंच लिही आणि मोकळी हो" म्हणायचं नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

---

प्रश्नचिन्ह | शनिवार, रात्री १०:०५

आम्हाला क्लासमध्ये सांगितलं होतं की क्रिया आधी होते आणि प्रतिक्रिया किंचित उशिरा येते. त्या मधल्या क्षणात गाडी पुढे सरकते. बरोबर आहे का ते जाणकार सांगतीलच.

---

दहावी_ब | शनिवार, रात्री १०:१२

मलाही हाच प्रश्न पडला होता. सरांना विचारायचं राहून गेलं. वाचतोय.

---

खडू_आणि_फळा | शनिवार, रात्री ११:३०

आधी लेकीला शाबासकी द्या. हा प्रश्न खुद्द न्यूटनच्या पुस्तकातच दडलेला आहे. १६८७ साली त्याचं प्रिन्सिपिया छापलं गेलं. त्यात तिसरा नियम समजावताना त्याने घोड्याचं उदाहरण घेतलंय: दोरीने बांधलेला दगड घोडा ओढत असेल, तर दगडही घोड्याला तितकाच मागे ओढतो. लेकीने घोड्याच्या जागी बैल आणि दगडाच्या जागी गाडी ठेवली.

@प्रश्नचिन्ह, उशीर वगैरे काही नसतो. 'प्रतिक्रिया' या शब्दानेच घोटाळा होतो. आधी कुणी काही बोलतं, मग आपण प्रतिक्रिया देतो, म्हणून इथेही आधी-नंतर असेल असं वाटतं. पण ही दोन्ही बलं एकाच क्षणी सुरू होतात, एकाच क्षणी बदलतात, एकाच क्षणी संपतात. दोन्हींपैकी कुठल्याही एकाला क्रिया म्हणा, फरक पडत नाही. तीस वर्षं शिकवतोय, हल्ली वर्गात मी फक्त 'बलांची जोडी' म्हणतो.

आता खरी गाठ. नीरेकाठचा, तुम्ही बी.कॉम. आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. तुम्ही शेजाऱ्याला हजार रुपये दिले. तुमच्या वहीत हजार नावे पडले, त्याच्या वहीत हजार जमा झाले. रक्कम एकच, बाजू उलट. म्हणून कुणी दोन्ही वह्यांची बेरीज करून "शून्य आली, म्हणजे कुणाची स्थिती बदललीच नाही" असं म्हणेल का? तुमचे पैसे कमी झालेच, त्याचे वाढलेच. ताळेबंद ज्याचा त्याच्या वहीत.

बलांचंही असंच आहे. जोडीतली दोन बलं कधीच एका वस्तूवर नसतात. बैल गाडीला ओढतो ते बल गाडीवर आहे. गाडी बैलाला ओढते ते बैलावर आहे. लेकीने दोन वेगळ्या वह्यांतले आकडे एकत्र मिळवले, म्हणून शून्य आलं.

आता वह्या उघडू. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी धरलेत. मालासकट गाडी १००० किलो, दोन बैल मिळून ८०० किलो, रस्ता कच्चा.

गाडीची वही: जू पुढे ओढतंय ६०० न्यूटनने. चाकं, आख आणि रस्ता मिळून मागे धरतायत ४०० न्यूटनने. शिल्लक २०० न्यूटन पुढे. १००० किलोला २०० न्यूटन, म्हणजे त्वरण ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. पाच सेकंदांत गाडी माणसाच्या सावकाश चालीला लागते.

बैलांची वही: गाडी त्यांना मागे ओढतेय, तेच ६०० न्यूटन, एकही कमी नाही. तरी बैलही पुढे चाललेत, त्याच ०.२ त्वरणाने. ८०० किलोला त्यासाठी १६० न्यूटन शिल्लक हवेत. म्हणजे पुढच्या दिशेने ७६० न्यूटन कुणीतरी देतंय. कोण? बैल स्वतःला ढकलू शकत नाही. गाडी तर मागे ओढतेय. उरली जमीन. बैल खुराने जमिनीला मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. ती दुसरी जोडी. लेकीच्या चित्रात जमीनच नव्हती, म्हणून हिशेब अडला.

तिला एवढंच सांगा: एका वेळी एकच वस्तू घे, तिच्याभोवती पेन्सिलीने गोल काढ आणि विचार, बाहेरून या वस्तूला कोण कोण हात लावतंय?

---

नीरेकाठचा | रविवार, सकाळी ७:१५

गुरुजी, दोन वह्या! तीन वेळा वाचलं. ही वाटणी माझ्या रोजच्या कामातली आहे आणि तरी कधी सुचलं नाही. लेक उठली की दाखवतो. मनापासून आभार.

---

माणदेशी_शिवार | रविवार, सकाळी ८:५०

गुरुजींनी पुस्तकातून सांगितलं तेच आमच्याकडं बैल सांगतात. बैलाची ताकद कितीही असू द्या, पायाखाली धर नसेल तर उपयोग नाही. चिखलात गाडी रुतली की बैल जोर लावतो, पाय मागे सरकतो, गाडी तिथंच. त्याच बैलाच्या पायाखाली पालापाचोळा, उसाचं पाचट टाकलं की गाडी निघते. बैल तोच, गाडी तीच. डांबरी रस्त्यावर तर नाल मारल्याशिवाय ऊस वाहणारी जोडी नेतच नाही कुणी.

दुसरं, गाडी हलवतानाच कस लागतो. एकदा चाक फिरलं की जोडी मान सैल सोडून चालते. बैलाच्या खांद्याकडं बघितलं की कळतं.

आणि मोटेची, म्हणजे विहिरीतून पाणी उपसायच्या चामडी पिशवीची गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांनी मोट हाकलीय. मोट भरून वर यायची असते तेव्हा बैल विहिरीपासून लांब जातात ते उतारावरून. त्या उताराला धाव म्हणतात. धाव मुद्दाम उतरती बांधलेली असायची. नाडा ताणला की बैल नुसतं पायानं ओढत नाही, अंगाचं वजनही टाकतो. मोट थारोळ्यात रिकामी झाली की मागे मागे सरत वर यायचं, तेव्हा ओझं नसतं. लहानपणी मला वाटायचं पाणी वाहून जावं म्हणून उतार केलाय. वडिलांनी सांगितलं, "बैलाचं वजन फुकट कशाला घालवायचं?"

---

खडू_आणि_फळा | रविवार, सकाळी ९:२०

वा! माणदेशी, धावेचं उदाहरण मी आता वर्गात वापरणार. दोन बैल ८०० किलोचे आणि उतार सहा हातांना एक हात धरला, तर वजनाचा जवळजवळ सहावा हिस्सा उताराच्या दिशेने मिळतो, म्हणजे साधारण १३० किलोचा ओढा. तो खुराच्या पकडीवर अवलंबून नाही. आपल्या विहिरी बांधणाऱ्यांनी हे बरोबर ओळखलं होतं.

---

प्रश्नचिन्ह | रविवार, सकाळी १०:४०

उशिराचं माझं म्हणणं चुकीचं होतं, कळलं. पण एक गोष्ट पटत नाही. बैलाला पुढे ढकलणारं बल जमीन लावते म्हणता. मग दिवसभर गाडी ओढून थकतो कोण? जमीन थकत नाही, बैल थकतो. कडबा बैल खातो. तुमच्या हिशेबात बैलाचे कष्ट गेले कुठे?

---

खडू_आणि_फळा | रविवार, दुपारी १२:१५

हा प्रश्न पहिल्याहून खोल आहे, घाईने उत्तर देत नाही.

बल आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्य झालं असं केव्हा म्हणायचं? बल लागलं आणि जिथे लागलं ती जागा बलाच्या दिशेने सरकली तर. बैलाचा खूर जमिनीवर टेकलेला असतो तेवढा वेळ तो जागचा हलत नाही. जमीन त्या खुरावर पुढच्या दिशेने बल लावते, पण खूर तिथेच आहे. म्हणून जमीन बैलाला ऊर्जा देत नाही. तिच्या खात्यातून एक पैसाही जात नाही.

ऊर्जा येते बैलाच्या स्नायूंतून. मांडी आखडते, गुडघा सरळ होतो, टेकलेल्या खुराच्या पुढे अख्खं अंग ढकललं जातं. कडबा तिथे खर्च होतो. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मुलाने पायाने भिंत रेटली आणि तो फरशीवर मागे घसरला, तर त्याला ढकललं भिंतीने, दमला तो. दोन्ही वाक्यं खरी आहेत. एक बलाबद्दल आहे, दुसरं ऊर्जेबद्दल.

त्यामुळे तुमची शंका रास्त आहे, आणि बैलाचे कष्ट कुठेही गेलेले नाहीत. पुढचा धडा कार्य आणि ऊर्जा आहे, तिथे ते मोजले जातील.

---

दहावी_ब | रविवार, दुपारी १:००

सर, मग टेबलावर पुस्तक ठेवलं तर पुस्तकाचं वजन खाली आणि टेबलाचं बल वर, ही क्रिया-प्रतिक्रियेचीच जोडी ना? मी परीक्षेत हेच लिहिलं होतं आणि पूर्ण गुण मिळाले.

---

मधली_सुट्टी | रविवार, दुपारी ३:३५

गुरुजी परवानगी देतील तर याचं उत्तर मी देते. मीही शिकवते, आणि ही चूक इतक्या वेळा पाहिलीय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बाळा, ती जोडी नाही. गुरुजींची कसोटी लावून बघ. पुस्तकाचं वजन म्हणजे पृथ्वी पुस्तकाला ओढते ते बल, पुस्तकावर लागलेलं. टेबल वर रेटतं तेही पुस्तकावरच. दोन्ही एकाच वहीत. जोडीतली बलं एका वस्तूवर कधी नसतात, म्हणजे ही जोडी असूच शकत नाही. ही फक्त दोन संतुलित बलं आहेत, पुस्तक स्थिर आहे म्हणून सारखी झालेली.

जोडीदार ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे वाक्य उलटं करणं. "पृथ्वी पुस्तकाला ओढते" उलटं केलं की "पुस्तक पृथ्वीला ओढतं". "टेबल पुस्तकाला वर रेटतं" याचं उलटं "पुस्तक टेबलाला खाली रेटतं". बस.

अजून पटत नसेल तर हीच वस्तू लिफ्टमध्ये ने. वजनकाट्यावर उभा राहा. लिफ्ट वर निघताना क्षणभर काटा जास्त दाखवतो. तुझं वजन, म्हणजे पृथ्वीची ओढ, तेवढीच आहे, पण खालून रेटणारं बल वाढलं. जोडी असती तर ती दोन्ही बलं त्या क्षणीही सारखीच राहायला हवी होती. घरात वजनकाटा आणि इमारतीत लिफ्ट असेल तर आजच करून बघ, डोळ्यांनी दिसतं.

---

दहावी_ब | रविवार, दुपारी ३:५०

लिफ्ट आहे. जातो.

---

दहावी_ब | रविवार, दुपारी ४:२०

५२ चा काटा ५६ पर्यंत गेला! थांबताना ५२ च्या खाली आला. वॉचमन काकांनाही उभं केलं, त्यांचंही तसंच. मॅडम, वहीत दुरुस्त करतोय.

---

कर्जतच्या_पुढे | रविवार, संध्याकाळी ६:१०

पकडीवरून आठवलं. आमच्याकडे मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच लांबच्या गाड्या कर्जतला थांबतात, मागून बँकर इंजिनं लागतात आणि मग गाडी बोरघाट चढते. लहानपणापासून बघतोय. वाटायचं पुढच्या इंजिनात ताकद कमी पडते. नोकरीत आल्यावर कळलं की अडचण ताकदीइतकीच पकडीचीही आहे.

घाटाचा चढ ३७ ला १ आहे, १८६३ साली मार्ग सुरू झाला तेव्हापासून प्रसिद्ध. समजा इंजिनासकट गाडी १२०० टनांची आहे. नुसती चढावर धरून ठेवायला १२०० भागिले ३७, म्हणजे ३२ टनांहून जास्त ओढा लागतो. पुढचं विजेचं इंजिन १२३ टनांचं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत पकड देतं, तेही रूळ कोरडे असले तर. म्हणजे ३७ टन. जेमतेम. पावसाळ्यात रूळ ओले झाले, पकड निम्म्यावर आली की अठरा टनांवर आलात. मोटर कितीही दमदार असली तरी चाक जागेवर गरगरणार. माणदेशी म्हणतात त्या चिखलातल्या बैलासारखंच.

बँकर लावला की रूळ धरणारी चाकं वाढतात. आणि घसरायला लागलं की इंजिनाच्या चाकांपुढे रुळावर वाळू सोडायची सोय असते. पालापाचोळा आणि पाचट तिथे, इथे वाळू. वाळूच्या टाकीकडे मी इतकी वर्षं नुसतं एक काम म्हणून बघत होतो. आज धागा वाचून पहिल्यांदा वाटलं, अख्खी गाडी शेवटी रूळच पुढे नेतो.

---

ह्यूस्टनवासी | सोमवार, पहाटे ४:३०

सुंदर धागा. एक भर घालतो. जमीन नसेल तर काय? रॉकेट अंतराळात कशाला मागे रेटतं?

हा गोंधळ मोठमोठ्यांचा झालाय. अमेरिकन रॉकेटशास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्डने चंद्रापर्यंत रॉकेट जाऊ शकेल असं मांडलं, तेव्हा १३ जानेवारी १९२० च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याच्यावर टीका आली की निर्वातात रेटायला काही नसतं हे याला कळत नाही. त्याच वर्तमानपत्राने चूक दुरुस्त केली १७ जुलै १९६९ ला. त्या दिवशी अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर होतं. गोडार्ड १९४५ सालीच गेला होता.

रॉकेट रेटतं ते स्वतःच्याच जळलेल्या वायूला. रॉकेट वायूला मागे फेकतं, वायू रॉकेटला पुढे ढकलतो. जोडी तिथेच पूर्ण झाली, बाहेरची हवा लागतच नाही. उलट ती असली तर अडवतेच.

आणि बैलगाडीच्या उलटं उदाहरण म्हणजे आपलं मंगळयान. १ डिसेंबर २०१३ ला पृथ्वीची कक्षा सोडून निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. मधले जवळजवळ ३०० दिवस मुख्य इंजिन बंद. दिशा सुधारायला छोटी इंजिनं थोडा थोडा वेळ चालवली, बाकी सूर्याच्या ओढीत वळत ते जात राहिलं. गाडीला रस्ता मागे धरतो म्हणून बैलाला सतत ओढावं लागतं. तिथे मागे धरणारं कुणी नव्हतं.

---

नीरेकाठचा | सोमवार, रात्री ९:०५

सगळ्यांना सांगायचंय, काल आणि आज आमच्या घरी काय झालं ते.

लेकीने शाळेतून दोन ताणकाटे मागून आणले. एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्यात अडकवला आणि ते टेबलावर आडवे धरले. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तिने ओढलं, माझा काटा ५ न्यूटन, तिचाही ५. मी ओढलं, तरी तसंच. मग माझा पहिला दावा तपासायचं ठरलं: चालताना ओढणाऱ्याचं बल जास्त होतं का? माझ्या बाजूचा काटा तांदळाच्या पिशवीला बांधला आणि तिने पिशवी फरशीवरून ओढायला सुरुवात केली. मी मोबाइलवर चित्रण केलं. नंतर एकेक चित्र थांबवून पाहिलं. पिशवी हलायच्या आधी दोन्ही काटे बरोबर चढत गेले, हलल्यावर दोन्ही थोडे खाली आले. जेव्हा जेव्हा थांबवलं तेव्हा दोन्हींवर सारखाच आकडा. जेवताना मी ठामपणे सांगितलेलं उत्तर चुकीचं आहे, हे आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. तिला मी तसं स्पष्ट सांगितलं.

माणदेशी, काटे खाली आले तेव्हा ती म्हणाली, "हे बैल मान सैल सोडतात तेच ना?"

मग चाकांच्या दोन खुर्च्या, एकीवर ती, एकीवर मी, मध्ये दोरी. फक्त तिने ओढलं तरी दोघंही सरकलो, ती झपकन, मी थोडासा. फक्त मी ओढलं तरी तसंच. कुणी ओढलं हे नुसतं बघून ओळखताच येईना.

आता तिचा पुढचा प्रश्न, मला उत्तर येत नाही: बैल पृथ्वीला मागे रेटतो, तर पृथ्वी मागे सरकते का?

---

खडू_आणि_फळा | सोमवार, रात्री १०:२५

सरकते. आणि हिशेब करता येतो.

गाडी आणि बैल मिळून १८०० किलो, हिशेबाला सोपं म्हणून २००० म्हणू. वेग सेकंदाला एक मीटर. पृथ्वीचं वस्तुमान सुमारे सहावर चोवीस शून्यं, इतके किलो. दोघांचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) सारखा आणि उलटा, म्हणून पृथ्वीचा सेकंदाला मीटरमधला वेग येतो दशांश चिन्हानंतर एकवीस शून्यं आणि मग ३. या वेगाने हायड्रोजनच्या अणूच्या केंद्रकाएवढं अंतर सरकायलाही जवळजवळ दोन महिने लागतील, तेही गाडी न थांबता चालत राहिली तर. गाडी थांबली की तीच जमीन तिला मागे धरते, गाडी जमिनीला पुढे रेटते आणि पृथ्वीचा तेवढा वेगही जातो.

अर्थात त्याच वेळी जगात दुसऱ्या कितीतरी गाड्या उलट दिशेने चाललेल्या असतात.

---

नीरेकाठचा | सोमवार, रात्री ११:००

वाचून दाखवलं. तिने वहीत बैल, गाडी आणि पृथ्वी अशी तीन वेगळी चित्रं काढली, प्रत्येकाभोवती पेन्सिलीचा गोल. पृथ्वी जवळजवळ हलतच नाही म्हटल्यावर तिच्यावरचा बाण आधी अगदी एवढासा काढला होता. थोडा वेळ बघत बसली. मग खोडरबराने तो पुसला, पट्टी घेतली आणि बैलावरच्या ७६० च्या बाणाशी मोजून तेवढाच लांब काढला.